पांढरी नळी

मी एक जुना सेंट्रिफ्यूज आहे. नाव अवघड वाटलं तरी घाबरू नका मित्रांनो, काम सोपं आहे. रक्ताच्या नळ्या पोटात घ्यायच्या आणि गरगर फिरवायच्या. लाल भाग तळाशी बसतो आणि वर पिवळसर पाणी राहतं. त्याला सीरम म्हणतात. कोलेस्टेरॉल आणि रक्तातली चरबी त्यातच मोजतात.

माझा जन्म अंबाल्याच्या एका कारखान्यात झाला. उमेदीची वर्षं पिंपरीच्या एका मोठ्या दवाखान्यात गेली. तिथे माझं अंग रोज पुसलं जायचं, येणारे-जाणारे कौतुक करायचे. पुढे चकचकीत नवं यंत्र आलं आणि माझी रवानगी जिन्याखाली झाली. कामापुरता मामा, दुसरं काय! मग सुमनताईंनी मला दापोडीतल्या आपल्या छोट्या लॅबमध्ये आणलं. आता फिरताना मी थरथरतो, म्हणून त्यांनी माझ्या पायांखाली जुन्या साडीची घडी ठेवली आहे. तेवढ्यावर मी खूश आहे.

चाकणला तिसरी शिफ्ट सुटली की कामगार सकाळी सरळ आमच्याकडे येतात. चरबीची तपासणी उपाशीपोटी करायची असते. पण कँटीनचा चहा आणि दोन खारी हे लोक खाण्यात धरतच नाहीत. विचारलं तर ठामपणे सांगतात, काहीच खाल्लं नाही, नुसता चहा घेतला. मग सीरम गढूळ निघतं आणि ताई त्यांना दुसऱ्या दिवशी बोलावतात. दुधाने तोंड पोळलेला ताकही फुंकून पितो, तसं ताईंचं झालं होतं. नळी गढूळ दिसली की माणूस खाऊन आलाय, हे त्यांच्या मनात पक्कं बसलं होतं.

असाच एकदा बुद्धरत्न आला. गियरच्या कंपनीत कामाला, अंगाने काटकुळा. मधूनमधून पोटात कळ यायची, म्हणून डॉक्टरांनी त्याला चरबी तपासायला सांगितलं होतं. त्याची नळी मी फिरवली. वर आलेलं सीरम नुसतं गढूळ नव्हतं, दुधासारखं पांढरंफेक होतं. आज मलई खाल्ली का भाऊ, असं हसून विचारत ताईंनी त्याला परत पाठवलं. तो पुन्हा आला. नळी पुन्हा पांढरीच.

"ताई, शिफ्टभर मशीनवर उभा होतो. पाण्याशिवाय पोटात काही नाही," तो म्हणाला.

ताईंनी मान हलवली, पण त्यांना ते पटलं नाही. उद्या पुन्हा उपाशी या, म्हणाल्या. तो गेला तो परत आलाच नाही. मला फार वाईट वाटलं. चहा-खारीने सीरम इतकं पांढरं होत नाही, हे मी जन्मभर पाहत आलो आहे. पण मला फक्त घरघरता येतं.

काही दिवसांनी त्याची बायको अंजली धावत आली. असह्य कळा येऊन बुद्धरत्नला दवाखान्यात ठेवलं होतं. स्वादुपिंडाला सूज आली होती आणि जिवावर बेतलं होतं. हा आजार अनेकदा दारूने होतो, म्हणून तिथे जो तो त्याला विचारत होता, किती पितोस? थेंबालाही न शिवलेला माणूस शपथा घेत होता. आमच्याकडचा रिपोर्ट तरी दाखवावा म्हणून ती आली होती. पण रिपोर्ट होताच कुठे? घरात आधी कुणाला असं झालं होतं का, असं ताईंनी विचारलं. अंजली म्हणाली, सासरे, भीमराज, ऐन तरुणपणी अशाच कळांनी गेले. गल्लीने तेव्हाही दारूचंच नाव घेतलं होतं.

ताईंनी लगेच दवाखान्यातल्या डॉक्टरांना फोन लावला. दोन्ही नळ्या कशा दिसल्या ते सांगितलं, आणि आपण त्याच्यावर विश्वास ठेवला नाही हेही सांगितलं. डॉक्टरांनी चरबी मोजली, तर ती नेहमीच्या कित्येक पट निघाली. स्वादुपिंड त्या चरबीनेच सुजलं होतं, आणि हा दोष घराण्यातून आलेला होता. उपचार त्याप्रमाणे बदलले आणि बुद्धरत्न वाचला. आता त्याच्या भाजीत तेल जेमतेम पडतं आणि गोळी चुकत नाही.

हे डॉक्टर अशाच घराण्यांवर संशोधन करत होते. रक्ताच्या नात्यातल्या सगळ्यांना तपासा, असं त्यांनी सांगितलं. म्हणून बुद्धरत्नची आई चिमाबाई आपल्या नातीला, मैत्रीला, घेऊन आली. मैत्रीची नळी मी जपून फिरवली. तीही पांढुरकी निघाली. पोर उपाशी आहे म्हणाली आणि ताईंनी ते खरं मानलं. वेळेत कळलंय, पथ्याने सांभाळता येईल, असं त्यांनी दोघींना समजावलं. मग त्या नळी उजेडात धरून म्हणाल्या, "मावशी, हे रक्तातूनच आलंय. भीमराजकाकांनाही हेच असणार."

चिमाबाईने ती नळी हातात घेऊन निरखली.

"म्हंजी ह्ये पीत न्हवते."

"नव्हते, मावशी."

"मी समद्यास्नी सांगत व्हते. रोज पंचशील म्हणून दारूला न शिवणारा मानूस. जाताना बी मला म्हनले, चिमा, तुझा तरी इस्वास हाय न्हवं?" तिने पदराने डोळे पुसले. "रविवारी विहारात या, ताई. ह्येच तिथं समद्यांम्होरं सांगा."

ताई गेल्या आणि तिथे उभं राहून बोलल्या. मी काही विहारात नव्हतो, पण नंतर रक्त द्यायला आलेल्या लोकांच्या बोलण्यातून मला कळलं. गल्लीतली जुनी माणसं म्हणे माना खाली घालून बसली होती. चिमाबाई पुढच्या रांगेत ताठ बसली होती.

मित्रांनो, माझ्यासारख्या जुन्या यंत्राला वेळच्या वेळी पुसा, त्याचे आवाज ऐका. पण त्याआधी माणसाचं ऐका. कुणी आपल्या दुखण्याचं काही सांगितलं, तर ते खरं धरून तपासा. भीमराजची नळी कुणी फिरवलीच नाही, आणि चिमाबाईला इतकी वर्षं एकटीने त्याची बाजू घ्यावी लागली.