मावशींना पैकीच्या पैकी

मित्रांनो, मी एक जुनी प्रश्नावली आहे आणि माझ्या हकिकतीवर तुमच्यापैकी एकाचाही विश्वास बसणार नाही. मी सात समुद्र ओलांडून आले, तेही बिनतिकिटाची. वाटेत खुद्द वैमानिकाला सगळे प्रश्न विचारले. तो सपशेल नापास झाला, तरी विमान नीट उतरलं. ज्या लाकडी पॅडवर मला अडकवतात त्याच्या माथ्यावर एक लोखंडी चाप आहे. मी असं काही सांगू लागले की तो कुरकुरतो. कुरकुरू दे.

माझं काम साधं आहे. आजाराबद्दलची माहिती माणसाला मिळते का, कळते का, वापरता येते का, हे विचारायचं. प्रत्येक प्रश्नापुढे चार चौकटी असतात: अगदी सोपं, सोपं, अवघड, फार अवघड. माझ्या जन्मगावी लोक बेधडक ‘फार अवघड’वर खूण करायचे आणि वर डॉक्टरांना चार शब्द ऐकवायचे. तिथे माझं फार कौतुक झालं.

मग मला या दवाखान्यात आणायचं ठरलं. एका भाषांतरकाराने मला इथल्या भाषेत उतरवलं. दुसऱ्याने, मूळ कागद न बघता, पुन्हा माझ्या भाषेत नेलं. मूळ कागद आणि हा, दोन्ही शेजारी ठेवले तर जुळी भावंडं. मोठे डॉक्टर खूश झाले.

“झालं काम,” ते म्हणाले.

पहिला भाषांतरकार चुळबुळला. “सर, एकदा आठ-दहा पेशंटजवळ बसून बघू. प्रश्न ऐकून त्यांच्या मनात काय येतं, तेवढंच विचारू.”

“शब्द चुकलेत का?”

“शब्द नाही चुकले.”

“मग कशाला घोळ घालता? सोमवारी सुरू करायचंय.”

मित्रांनो, मी तेव्हा घसा फोडून ओरडले. कुणाला ऐकू गेलं नाही. कागदाचं ऐकतो कोण? कागदाला फक्त भरतात.

दवाखान्याचा नियम असा ठरला: उत्तर जितकं सोपं, तितके जास्त गुण. ज्याला माझ्याकडून कमी गुण, त्याला शेजारच्या खोलीत बसवून सिस्टर एकेक गोळी हातात घेऊन समजावणार. ज्याला भरपूर गुण, तो थेट औषधांच्या खिडकीकडे.

सोमवारी सगळ्यांत आधी एक मावशी आल्या. आयुष्यभर शिवणकाम केलेल्या, रक्तदाब चढलेला, सोबत सून. सिस्टरने मला मांडीवर घेतलं. मावशींना नुकतंच तपासलेल्या डॉक्टरीणबाई समोरच्याच टेबलाशी बसल्या होत्या.

“मावशी, डॉक्टरांचं सांगणं समजायला तुम्हाला कितपत सोपं जातं?”

मावशींनी डॉक्टरीणबाईंकडे पाहिलं. “अगदी सोपं. किती गोड बोलतात त्या.”

“पाकिटावरचं वाचून गोळी घेणं?”

“सोपंच की. ही वाचते.”

“तुम्ही स्वतः, मावशी.”

“घरात सून असताना मी डोळे कशाला फोडून घेऊ? अगदी सोपं लिहा.”

“काही शंका आली तर दवाखान्यात फोन करून विचारणं?”

“मला शंकाच येत नाही हो. उगाच मोठ्या माणसांना त्रास कशाला? तेही अगदी सोपंच लिहा.”

सिस्टरने खुणा केल्या, बेरीज केली आणि मला खुर्चीवर ठेवून ती पुढच्या पेशंटला हाक मारायला उठली. मावशींना पैकीच्या पैकी. मी जळफळत पडून राहिले, कारण पुढचं फक्त मी ऐकलं.

“आई, गोळी रोज घ्यायची म्हणाल्या डॉक्टरीणबाई,” सून दबक्या आवाजात म्हणाली.

“म्हणू देत. डोकं जड झालं की घेते मी. रोज घेतली तर शरीराला सवय लागते.”

“मग विचारा ना त्यांना एकदा.”

“आता? आत्ता सगळं सोपं म्हटलं त्यांच्यादेखत. आता विचारलं तर त्यांना काय वाटेल? एवढं समजावलेलं पाण्यात गेलं म्हणतील.”

बघा मित्रांनो. मावशींना काय कळत नाही ते शोधायला मला आणलं, आणि माझ्यामुळेच त्यांचं तोंड बंद झालं. माझा असा संताप झाला म्हणता! मी चापातून अंग सोडवलं, हवेत कोलांटी मारली आणि डॉक्टरीणबाईंच्या पायाशी पालथी पडले. त्यांनी मला उचललं, मावशींना माघारी बोलावलं.

“मावशी, कागद राहू दे,” त्या म्हणाल्या. “घरी गोळी कशी घेता, ते मला करून दाखवा.”

मावशींनी दाखवलं. डॉक्टरीणबाईंनी कपाळाला हात लावला, आणि त्या स्वतः त्यांना शेजारच्या खोलीत घेऊन गेल्या. आता मावशी रोज गोळी घेतात आणि ठणठणीत आहेत.

म्हणून सांगते, मित्रांनो, मला नव्या गावी नेलंत तर नुसते माझे शब्द बदलून थांबू नका. मला आधी तिथल्या माणसांजवळ बसवा. ती कुणाच्या देखत बोलतात, कुणाच्या डोळ्यांनी वाचतात, काय विचारायला लाजतात, ते बघा. हवं तर मला खोडा, फाडा, पुन्हा लिहा. मी रडणार नाही. त्या दिवशी मी उडी मारली म्हणून मावशी वाचल्या, पण दर वेळी मला थोडंच—

“तू पडलीस कधी?” चाप म्हणाला. “मावशी तशाच घरी गेल्या. मी तुला सोडलंच नव्हतं.”