जोरात सांगा, सर

माझा राग नाकावर असतो, असं घरचे म्हणतात. असू दे. या वेळी तो डोक्यात गेला होता, आणि उतरवायची मला काही घाई नव्हती.

माझी आत्या, सावित्रीबाई, कुकटपल्लीत पत्र्याचे डबे करायच्या कारखान्यात कामाला आहे. दिवसभर प्रेस मशीन कानाशी धाडधाड आदळतं. माझी पीएचडी तिथल्याच बायकांच्या कानांवर. आधी बायका कान तपासून घ्यायला बसेनात, आत्यानंच त्यांना बसवलं. म्हणाली, "आमची भाग्या छापून आणते. छापलेलं हातात असलं की मालकाला मशीनांना आवाज कोंडणारी झाकणं बसवावीच लागतील."

छापून आलं. आणि कुलूप लागून आलं! शीर्षक दिसतं, चार ओळींचा सारांश दिसतो, पुढचं वाचायचं तर पैसे भरा. आमच्या संस्थेनं ते जर्नल घेतलेलं नाही. म्हणजे लेखावर पहिलं नाव माझं, आणि मलाच तो उघडेना. क्या बी बोलायचं आता?

हे दिवे लावले हर्षवर्धन सरांनी. माझे गाइड. आमच्या लॅबची रीतच आहे, लिहायचं आम्ही आणि पत्रव्यवहाराचा पत्ता द्यायचा सरांचा. मानाचं पान! त्यामुळे जर्नलनं विचारलेलं सगळं सरांकडे गेलं. लेख सर्वांना खुला ठेवायचा का, हेही. खुल्याला फी होती, पण माफीही होती, नुसता अर्ज करायचा होता. सरांनी त्याचा कंटाळा केला, 'बंद'वर टिचकी मारली आणि सगळे हक्क प्रकाशकाला देऊन मोकळे झाले. छापायच्या आधी मसुदा नेटवर ठेवू या, असं मी म्हटलं होतं, तर हसले. "कच्ची कणीक कोणी रस्त्यावर मांडतं का?"

आता सोमवारी फॅक्टरी इन्स्पेक्टर कारखान्यात येणार. आत्यानं त्यांना माझ्या कामाचं सांगितलेलं. ते म्हणाले, छापील लेख आणा, मसुदा चालणार नाही, लेख बघून झाकणांचा हुकूम काढतो. आणि छापील प्रत एकट्या सरांकडे.

"सर, पीडीएफ द्या," मी म्हटलं.

"नियमात बसत नाही, भाग्यलक्ष्मी."

"बसतं, सर. कुणी मागितली तर लेखकानं प्रत द्यायला हरकत नाही. जर्नलच्याच साइटवर लिहिलंय."

"मग मागू दे ना कुणाला. तू का परेशान होतेस? मला त्यांच्या संपादक मंडळावर घेतायत, आत्ता कुठलं झंझट नको. आणि थीसिसवर सही माझी लागते, विसरू नकोस."

अंगाची नुसती लाही लाही झाली. कणीक मळली मी, आणि पोळीवर बसले हे!

संध्याकाळी आत्याकडे गेले आणि ओरडून ओरडून सगळं सांगितलं. हल्ली ओरडल्याशिवाय तिला ऐकूच येत नाही, आणि मला तर ओरडायचंच होतं. फोनवर लेखाचं दिसतं तेवढं पान तिला दाखवलं. तळाशी सरांचं नाव आणि आमच्या संस्थेचा तारनाक्याचा पत्ता.

"हा पत्ता कशाला दिलाय?" आत्यानं विचारलं.

"लेख पाहिजे असेल त्यानं इथं मागायचा."

"मग चल की!"

शनिवारी आत्या कारखान्यातल्या सात-आठ बायका घेऊन थेट सरांच्या खोलीत. "साहेब, आमच्या कानांचं जे छापलंय ते द्या."

सरांचा आवाज लोण्यासारखा मऊ. "हे पाहा मावशी, यात काही कायदेशीर..."

"आँ?" आत्यानं कान पुढे केला. नाटक नव्हतं ते.

सरांनी पुन्हा सांगितलं. बायका एकमेकींकडे बघायला लागल्या. "गट्टिगा चेप्पंडि, सार!" मागून एक तेलुगू बाई म्हणाली. जोरात सांगा. सरांनी आवाज चढवला. तरी कुणाला कळेना. मग सर माझ्याकडे बघायला लागले, की मी समजावून सांगावं. मी? नक्को! मी भिंतीला टेकून उभी राहिले.

शेवटी सर लालबुंद झाले आणि ओरडले, "तुमच्या कानांवरचा लेख तुम्हाला देता येत नाही!"

अख्ख्या मजल्यावर ऐकू गेलं. शेजारच्या खोल्यांतून माणसं बाहेर आली, दारात उभी राहिली.

"हौ, आता ऐकू आलं," आत्या म्हणाली. "पण का देता येत नाही, ते नाही आलं. ते बी जोरात सांगा."

सरांनी दारातल्या माणसांकडे बघितलं. मग खुर्चीत बसले, कंप्युटरवर काहीतरी उघडलं. प्रिंटर खडखडायला लागला.

आत्याला तो ऐकू आला नाही. ती अजून सरांच्या तोंडाकडेच बघत होती.