झेंडूची कत्तल

मनुष्यजातीने लढलेल्या प्रत्येक महायुद्धाच्या मुळाशी मोकळ्या श्वासाचा हक्क असतो. मखमलाबादच्या गोटीरामने दसऱ्याच्या तीन दिवस आधी जे युद्ध पुकारलं, त्यात शत्रू झेंडू होता आणि तो पळून जात नव्हता.

विळ्याच्या एका घावात तीन-तीन झाडं आडवी होत होती. मुंडकी उडत होती. उरलीसुरली तो टाचेखाली चिरडत होता. घरात त्याची बायको ठमाबाई खाटेवर हात रोवून श्वास ओढत होती. छातीत शिट्टी, ओठ निळे. फुलं बहरली की तिचा दमा उसळतो, हे गोटीराम दोन वर्षं बघत होता. आज त्याने न्याय करायचं ठरवलं.

शेजारची स्नेहल, सरकारी दवाखान्यातली नर्स, वाफेचं मशीन घेऊन धावत आली. ठमाबाईला मास्क लावून तिने दारातून विचारलं, "काका, कोणाचा खून चाललाय?"

"हिच्या जिवावर उठलंय हे. एक बी ठेवत नाय."

"झेंडू वीस वर्षं लावताय. मग दमा दोनच वर्षांपासून कसा?"

विळा वरच राहिला.

"श्वासनळीला आतून अस्तर असतं, भिंतीच्या गिलाव्यासारखं. ते शाबूत असलं की पराग बाहेरच्या बाहेर जातो. काकूंचं खरवडलंय. आता पराग थेट आत घुसतो, अंग त्याच्यावर तुटून पडतं आणि त्या मारामारीत नळी आवळते."

"खरवडलं कोणी?"

स्नेहलने ठमाबाईकडे वळून विचारलं, "काकू, यांचे बागेतले कपडे कसे धुता?"

"आधी... कोरडे झटकायचे. भिजल्यावर... गंधक निघत नाय."

गेली तीन वर्षं दर हंगामात गोटीराम लोकांच्या द्राक्षबागांत भुरी रोगावर गंधकाची भुकटी धुरळायला जाई. तोंडाला उपरणं बांधी, स्वतःच्या.

त्याने विळा फेकला. पडवीतलं धुरळणीचं यंत्र दगडावर आपटलं, पत्रा फाटेस्तोवर लाथा घातल्या. मग स्वतःच्या थोबाडीत मारली. पहिली मनासारखी बसली नाही म्हणून दुसरी मारली. नाकातून रक्त आलं.

"काका, आता तुमच्यासाठी मशीन नाय माझ्याकडं," स्नेहल म्हणाली.

आतली शिट्टी हळूहळू बारीक झाली. ठमाबाईने मास्क खाली ओढला. तिचे पाय धरायला गोटीराम धावला. विळा गेला होता, पण डोक्यापासून गुडघ्यापर्यंत तो झेंडूच्या परागाने पिवळाधमक झाला होता.

ठमाबाईने हात वर करून त्याला उंबऱ्यावरच थांबवलं.

"पाया नंतर पडा," ती म्हणाली. "आधी तो सदरा तेवढा बाहेर काढून या. अन् झटकू नका."