सुनेला कसं सांगायचं

"जुलाब? नाही, थोडे, की खूप?" मोबाईलवरचं वाचत सुनेनं विचारलं.

"नाही," असं म्हणून सासरे खिडकीबाहेर बघू लागले. पहाटेपासून त्यांच्या खेपा चालल्या होत्या. स्वतः धुतलेला पायजमा चादरीच्या आड वाळत होता.

केमो सुरू झाल्यापासून इस्पितळाचे प्रश्न रोज सकाळी सुनेच्या मोबाईलवर यायचे. उत्तरं नर्सला दिसायची आणि काही बिघडलंय असं वाटलं, की ती फोन करायची. मुलगा पहाटेच कामाला जाई, म्हणून विचारायचं काम सुनेकडे आलं. सासऱ्यांनी उभा जन्म बस चालवली, चारचौघांत शिव्याही हासडल्या. पण सुनेसमोर ते कधी बनियनवर बसले नव्हते. घरात शिरतानाही आधी खाकरायचे. तिला हे कुठल्या तोंडानं सांगायचं?

त्याच आठवड्यात ते न्हाणीच्या दारातच कोसळले. घरात सून एकटीच. तिनं त्यांना उचललं, पुसलं, कपडे बदलले. त्यांनी डोळे घट्ट मिटून घेतले. तेवढंच त्यांच्या हातात होतं.

इस्पितळात सलाईन लावता लावता नर्स म्हणाली, "रोज 'नाही' यायचं, म्हणून मी निर्धास्त होते. वेळेवर कळतं तर गोळ्यांवर भागलं असतं." मग सुनेकडे वळून, "तुम्ही न विचारताच बटण दाबत होता का?"

सून मान खाली घालून उभी राहिली.

सासऱ्यांना वाटलं, धरणी पोटात घेईल तर बरं. "ती रोज विचारायची," ते कसंबसं म्हणाले. "खोटं मी बोललो."

"का, काका?"

"सुनेला कसं सांगायचं हो असलं?"

घरी आल्यावर दुसऱ्या दिवशी सुनेनं मोबाईलवरची अक्षरं मोठी केली आणि तो त्यांच्या हातात दिला. "बाबा, तुम्हीच वाचून दाबा. मी स्वयंपाकघरात आहे." जाताना तिनं दार ओढून घेतलं.

चष्मा पुसून त्यांनी वाचलं. पुन्हा एकदा वाचलं. त्यांनी 'थोडे' दाबलं.

जरा वेळानं नर्सचा फोन आला. किती वेळा, कसे, रक्त पडतंय का, ती एकेक विचारू लागली. त्यांनी दाराकडे पाहिलं, आवाज खाली आणला. तेवढ्यात स्वयंपाकघरात मिक्सर सुरू झाला. भांड्यात काही नसावं. नुसत्या पात्यांचा कोरडा आवाज येत होता.

ते बोलत होते, तोवर तो थांबला नाही.