चोपन्न घोडे आणि झरीचा ओढा

१९५४ साली मी परभणीच्या एका वाचनालयात कारकून होतो. पुस्तकं द्यायची, घ्यायची, वर्तमानपत्रं काठीला लावायची, एवढंच काम. बोलायची वेळ फारशी येत नसे आणि ते मला बरं वाटे. बदलून गेलेल्या एका लष्करी अधिकाऱ्याने इंग्रजी मोटार-मासिकांचे दोन गठ्ठे वाचनालयाला दिले होते. ते कुणी उघडत नव्हतं म्हणून मी उघडले. दोन वर्षांत मी ते सगळे वाचून काढले. मोटारीत मात्र मी तोवर एकदाही बसलो नव्हतो.

त्या वर्षी गावात वाद पेटला होता तो दोन मोटारींचा. एक गावातल्या श्रीमंत व्यंकटरावांची. त्यांच्या वडिलांनी निजामाच्या काळात घेतलेली, आठ सिलिंडरची, काळी, अमेरिकन. दुसरी नव्या डॉक्टरीणबाईंची. सुमनबाई हैदराबादेहून सरकारी दवाखान्यात आल्या त्या स्वतः गाडी चालवत. हिरवी, उघडी, दोनच माणसांची विलायती स्पोर्ट्स गाडी. त्यांचा थोरला भाऊ शिकायला परदेशी गेला, तो जाताना बहिणीला देऊन गेला होता. गावातली पोरं तिला 'टोळ' म्हणत.

व्यंकटरावांना वेगाचं वेड. त्यांनी बाईंना सरळ विचारलं होतं, "माझी घ्या, तुमची द्या." बाईंनी विचार करून सांगते म्हटलं, आणि तेव्हापासून वाचनालयात दुसरा विषय नव्हता.

"ह्यात विचार कसला करायलीय बाई?" किशनराव म्हणाले. ते निवृत्त पटवारी, रोज पहिलं वर्तमानपत्र त्यांचं. "कागदावर लिवलेलं हाय. ती तीस घोड्यांची, ही अकरा. अकरा घोडे तर टेसनावरच्या टांग्यांचे सोडले तरी निघतील."

माझ्या तोंडून निघून गेलं, "ते घोडे खरे नाहीत."

सगळे वळले. मी बोललो ह्याचंच त्यांना नवल वाटलं असावं.

"मग काय गाढवं हायेत का?" किशनराव म्हणाले आणि वाचनालय हसलं.

माझे कान तापले, पण आता थांबता येईना. मी सांगितलं, की तो आकडा विलायतेत मोटारीवर कर बसवण्यासाठी काढतात. सिलिंडर किती आणि रुंद किती, एवढंच त्यात मोजतात. इंजन खरोखर किती जोर देतं ते यंत्रावर चढवून मोजावं लागतं. सीसी म्हणजे सिलिंडरांचं पोट, शेराचं माप असतं तसं. मोठ्या गाडीचं पोट छत्तीसशे सीसीचं आणि जोर पंच्याऐंशी घोड्यांचा. लहानीचं पोट साडेबाराशेचं आणि जोर चोपन्न. म्हणजे हजार सीसीमागे मोठी देते जेमतेम चोवीस घोडे, लहान देते त्रेचाळीस.

हातांतली वर्तमानपत्रं खाली आली. मग किशनराव म्हणाले, "बन्सीधर, हे तुमी आजवर पोटात ठेवून बसला होता?"

दुसऱ्या दिवशी सुमनबाई स्वतः वाचनालयात आल्या. उंच, पस्तिशीच्या, बोलणं थेट. "तुम्हीच ना ते इंजनवाले? मला खरं सांगा. मला शर्यत लावायची नाही. दवाखान्यात बसून येईल त्याला तपासायला गावात दोन डॉक्टर आधीच आहेत. मी आले ती खेड्यातल्या बायकांसाठी, आणि त्या येत नाहीत. मीच गेलं पाहिजे, पावसाळ्यातसुद्धा. तेवढं जमलं नाही तर मी पोळ्यानंतर बदलीचा अर्ज करणार आहे. उगाच पगार खाऊन बसायची मला सवय नाही. आता सांगा, गाडी बदलू का?"

मी वही काढून आकडे दाखवले. वजनाचा हिशेबही केला होता. मोठी गाडी दीडपट जड, म्हणून दर मणाला पडणारे घोडे दोन्हीकडे जवळजवळ सारखेच, आणि लहानीला पेट्रोल निम्मं.

"म्हणजे नको बदलू?"

"माझ्या मते नको," मी म्हणालो. आयुष्यात 'माझ्या मते' हे शब्द मी तेव्हा पहिल्यांदा उच्चारले असतील.

त्यांचा चेहरा उजळला. भावाची गाडी सोडायची नव्हतीच त्यांना. व्यंकटरावांना त्यांनी नकार कळवला. व्यंकटरावांनीही मग काळी गाडी जालन्याच्या एका व्यापाऱ्याला द्यायचं ठरवलं. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी तो ती न्यायला येणार होता.

पोळ्याला चार दिवस असताना बाईंनी दवाखान्याच्या शिपायाला निरोप देऊन पाठवलं. झरीला जायचं आहे, सल्ला देणाऱ्याने शेजारी बसावं. मी धुतलेला सदरा घालून गेलो. गाडी सुटली आणि अंगावर वारा आला, तेव्हा मला हसू आवरेना. सडकेच्या कडेला कापसाची पऱ्हाटी गुडघ्याएवढी झाली होती. इंजन उंच सुरात गात होतं. ते मिनिटाला किती फेरे घेतंय, हे मी मनात मोजत होतो.

झरीच्या अलीकडे एक ओढा आहे. पाणी वीतभरच होतं, पण दोन्ही अंगाला काळा गाळ, आणि गाड्यांच्या चाकोऱ्या खोल गेलेल्या. मध्यावर वेग कमी झाला आणि इंजन धापा टाकायला लागलं. बाईंनी पाय दाबला. इंजन किंचाळलं, चाकं जागीच गरगरली, चिखल आमच्या डोक्यावरून गेला आणि गाडी पोटावर बसली. पुन्हा सुरू केलं की एक तर बंद पडे, नाही तर किंचाळे. तिसरं काही तिला येतच नव्हतं.

पलीकडच्या मळ्यातून धोंडीबा मोटेची बैलजोडी घेऊन आला. साठीचा माणूस, घोंगडी खांद्यावर. त्याची सून बायनाबाई, तिचे दिवस भरत आले होते आणि बाई तिलाच बघायला निघाल्या होत्या. त्याने दोर बांधला, बैलांच्या पाठीवर नुसता हात ठेवला. बैलांनी माना खाली घातल्या, जराही घाई केली नाही, आणि गाडी निघाली.

"किती घोडे म्हणले हिच्यात?" धोंडीबाने विचारलं. झरीपर्यंत माझी कीर्ती पोचली होती.

"चोपन्न," मी म्हणालो.

त्याने गाडीभोवती एक फेरी मारली. "असतील. पर ही शर्यतीच्या खोंडावानी हाय. पळायला लागलं की जोर. उभ्यानं वढ म्हणलं की तंगड्या झाडतंय. मोटेला असलं खोंड कोन जुंपंल?"

बाई हसल्या नाहीत. बायनाबाईला तपासून परतताना त्या एकच वाक्य बोलल्या, "आज बैल मोकळे होते म्हणून बरं."

दुसऱ्या दिवशी सकाळी वाचनालय उघडायच्या आधी मी ते मासिक पुन्हा काढलं. जिथे चोपन्न आकडा होता त्याच पानावर एक आलेख होता. मी तो दहा वेळा पाहिला होता आणि दर वेळी फक्त त्याचं टोक वाचलं होतं. चोपन्न घोडे मिनिटाला बावनशे फेऱ्यांना. आता मी पट्टी ठेवून रेषेच्या पायथ्याशी गेलो. पंधराशे फेऱ्यांना, म्हणजे चिखलात गाडी रांगते तेव्हा, तिथे सतराच घोडे होते. दुसऱ्या अंकात काळ्या गाडीचा आलेख सापडला. तेवढ्याच फेऱ्यांना तिचे चाळीस.

मोठं पोट उगाच नव्हतं. ते हळू चालीतच भरून ओढत होतं. लहान पोटाने तेवढा जोर आणायचा तर अडीच पट धावावं लागत होतं, आणि चिखल धावू देत नाही. हे दोन वर्षं माझ्यासमोर छापलेलं होतं. धोंडीबाने ते एका फेरीत वाचलं.

मी दवाखान्यात गेलो नाही. त्या दिवशीही नाही, त्याच्या दुसऱ्या दिवशीही नाही. वाचनालयात लोक मला पहिल्यांदाच 'बन्सीधरराव' म्हणायला लागले होते. मीच सांगितलेलं मीच खोडायचं, हे मला जमेना. शेवटी खांदेमळणीच्या दिवशी, लोक बैलांचे खांदे तूप-हळदीने मळण्याच्या तयारीत होते तेव्हा, वही घेऊन निघालो. आता नाही सांगितलं तर काळी गाडी जालन्याला जाणार होती, आणि बाई हैदराबादला.

त्यांनी दोन्ही रेषा नीट पाहिल्या. "हे तेव्हा का नाही सांगितलंत?"

"मला कळलं नव्हतं. मी टोकच वाचलं. चूक माझी आहे."

"माझ्या भावाची गाडी आहे ती," त्या म्हणाल्या.  मग वही मिटून माझ्या हातात दिली. "आणि आता ह्या नव्या आकड्यांवर मी कसा भरवसा ठेवू?"

"ठेवू नका," मी म्हणालो. "त्याच ओढ्यात घालून बघा."

त्यांनी तिथल्या तिथे व्यंकटरावांना चिठ्ठी लिहिली: काळी आधी झरीच्या ओढ्यात घालून बघते, निघाली तर अदलाबदल. व्यंकटराव खुशीत तयार झाले. व्यापारी परवा येणार, तेव्हा उद्याच जाऊ म्हणाले. उद्या पोळा आहे ह्याचा अर्थ आम्हा तिघा शहरातल्या माणसांच्या डोक्यात आला नाही.

तो ओढ्यावर पोचल्यावर कळला. बाई काळी गाडी चालवत होत्या, मागे मी आणि सणाचा कोट घातलेले व्यंकटराव. ओढ्याच्या पलीकडे एक बैलगाडी उभी होती, आणि तिला बैल नव्हते. जुवाखाली धोंडीबा आणि त्याचा मुलगा सटवाजी उभे होते. मागून धोंडीबाची बायको धुरपताबाई आणि दोघे भाऊबंद ढकलत होते. गाडीत गोधड्यांवर बायनाबाई.

पोळ्याला बैलाच्या मानेवर जू ठेवत नाहीत. वस्तीपासून ओढ्यापर्यंत माणसांनीच ती गाडी ओढून आणली होती. गाळाच्या काठाशी येऊन ती रुतली होती.

"पहाटेपासून आडलीय," धुरपताबाई ओरडल्या. "सुईन म्हणती तिच्यानं व्हायचं न्हाई. धनी म्हणलं, लेकराचा जीव जातोय, जुंपा बैल. तर पोरगी गाडीतून म्हणती, आज नका मामंजी, आज त्यांचा दिस हाय."

बाईंनी गाडी तशीच ओढ्यात घातली. ती डुलत, पाणी उडवत पलीकडे आली. त्यांनी बायनाबाईच्या पोटावर हात ठेवला, नाडी पाहिली. "हिला परभणीलाच न्यायला हवं. मागचं सीट मोकळं करा."

आम्ही उतरलो. बायनाबाईला मागे निजवलं, धुरपताबाई तिचं डोकं मांडीवर घेऊन बसल्या, सटवाजी पुढे. मी बाईंच्या दाराशी गेलो.  "मध्ये थांबली तर पाय दाबू नका. हळूच ठेवा. तिला पळायची गरज नाही."

"नक्की?"

ह्या शब्दाला मी जन्मभर भ्यालो आहे. "नक्की," मी म्हणालो.

मध्यावर, जिथे हिरवी गाडी बसली होती तिथेच, पुढचं चाक कशावर तरी अडलं आणि गाडी थांबली. मी काठावरून पाहत होतो. मला किंचाळी ऐकू येईल असं वाटलं. धोंडीबा माझ्या शेजारून पाण्यात उतरला, ढकलायला. पण इंजनाचा आवाज चढलाच नाही. खालच्या, जाड सुरात ते घुमत राहिलं. चाक एकदा सरकलं, थांबलं, गाळ चिरडत पुन्हा फिरलं. धोंडीबाचा हात लागायच्या आत गाडी वीतभर पुढे गेली होती, मग हातभर. मग ती पलीकडच्या चढणीला लागली आणि तशीच, न थांबता, सडकेवर दिसेनाशी झाली.

धोंडीबा उडालेल्या पाण्याने कमरेपर्यंत भिजून उभा होता. "ही वढणारी हाय," एवढंच म्हणाला, आणि चिखलाचे हात कपाळाला लावून त्याने गाडी गेली त्या दिशेला नमस्कार केला.

आम्ही तिघे परभणीपर्यंत दहा मैल चालत आलो. व्यंकटरावांचे बूट ओढ्यातच राहिले होते. ते अनवाणी, कोट खांद्यावर टाकून चालत होते आणि मी सुतकी चेहरा करून चालतो म्हणून मला चिडवत होते.

"अरे, मोटार माझी गेली, पायी मी चाललोय, आणि तोंड तुझं वाकडं? सांग, तुझी ती टोळगाडी वसमतच्या सडकेवर तासाला किती मैल पळेल?"

"कोरडी सडक असेल तर सत्तर," मी म्हणालो.

"या अल्लाह," ते म्हणाले आणि वाटेतच थांबले. "धोंडीबा, ऐकलं का? सत्तर!"

धोंडीबाचं लक्ष नव्हतं. तो आमच्या पुढे चालत होता, आणि त्याच्याबरोबर राहायचं म्हणजे आम्हाला अधूनमधून पळावं लागत होतं.

गावातून बैलांची मिरवणूक निघाली होती तेव्हा आम्ही पोचलो. दवाखान्याच्या पायरीवर सटवाजी बसला होता. बापाला बघून उठला. तेवढ्यात सुमनबाई हात पुसत बाहेर आल्या.

"मुलगी झाली. नाळ गळ्यात होती. तासभर उशीर झाला असता तर काही हाती लागलं नसतं. दोघी बऱ्या आहेत."

धोंडीबा पायरीवर खाली बसला. व्यंकटरावांनी आपला सणाचा कोट काढून त्याच्या घामाने ओल्या अंगावर घातला.

बाई माझ्याकडे वळल्या.  त्यांनी विचारलं, "झरीच्या पुढे जिंतूरच्या अंगाला ज्या वस्त्या आहेत ना, तिथल्या दोघीजणी ह्या महिन्यात बाळंत व्हायच्या आहेत असं धुरपताबाई सांगत होत्या. हिरवीची किल्ली आजच व्यंकटरावांना देते, बुधवारी काळी घेऊन निघू. त्या वाटेला ओढे किती आहेत, ते तेवढं विचारून ठेवाल?"

मी धोंडीबालाच विचारलं. त्याने बोटं मोजून सांगितलं, चार.