कानामागची नीळ

"कानामागे बघ," मोठ्या सिस्टर म्हणाल्या.

सुनेने आरशासमोर मान वळवली. कानाच्या पाळीखाली निळा डाग होता, बोटाचं टोक टेकल्याएवढा.

"एवढीशी तर नीळ लागलीय, आई."

"इथे सिस्टर म्हणायचं. आणि आजाराला एवढीशी जागा पुरते. पोशाख पुन्हा घाल."

बाहेर फरशी पुसणाऱ्या मावशींना राहवलं नाही. "सासू घरात आणि सासूच कामावर! गेल्या जन्मी काय केलं होतंस गं पोरी?"

"मावशी, तुमचाही नंबर आहे उद्या," सिस्टर म्हणाल्या, तशी फरशी पुन्हा घासली जाऊ लागली.

महासाथ ओसरली होती. पुढची कधी येईल ते देवाला ठाऊक, पण ती आली तर धावाधाव नको, म्हणून इस्पितळात एक पथक तयार होत होतं. संरक्षक पोशाख कसा उतरवायचा, हे शिकवण्याचं काम मोठ्या सिस्टरांकडे आलं. अंगात कोणीही चढवतं. खरा धोका उतरवताना, बाहेरची घाण आत हाताला लागते तेव्हा. ती दिसत नाही, म्हणून सिस्टर धुलाईघरातली नीळ पाण्यात कालवून पोशाखावर शिंपडत. अंगाला निळं लागलं की नापास. शिवाय एकट्याने उतरवायचं नाही. समोर दुसरीने उभं राहायचं आणि हात चुकला की "थांबा" म्हणायचं.

संध्याकाळी डॉक्टर मॅडम डोकावल्या. "सिस्टर, उद्या तपासणीला माणसं येतायत. सूनबाईंना पास करून टाका ना. पथक पूर्ण दिसेल."

"दिसेल हो," सिस्टर हळूच म्हणाल्या. "पण असणार नाही."

मॅडमनी विषय तिथेच सोडला. याच खोलीत काय झालं होतं, ते त्यांना माहीत होतं. ऐन साथीत सिस्टरांच्या मैत्रिणीने इथेच पोशाख उतरवला होता, एकटीने. सगळे हात वॉर्डात गुंतलेले. आठवड्याभरात तीच त्या वॉर्डातल्या खाटेवर होती. तिथून ती उठली नाही. तेव्हापासून सिस्टरांचा नेम होता: सकाळी कामाला लागण्याआधी हा आरसा आपल्या हाताने पुसायचा. पुसताना ओठ हलत. त्या काय पुटपुटतात, ते कोणी विचारत नसे.

घरी मुलगा म्हणाला, "आई, सोड ना तिला यातून. रडत होती."

"रडू दे. मग म्हणावं लवकर झोप. थकलेला हात चुकतो."

आतून पातेल्यावर झाकण आदळलं. "मी सगळं ऐकतेय!"

"बरं झालं. पुन्हा सांगायला नको."

सकाळी सिस्टर आरसा पुसायला गेल्या, तर सून आधीच हजर. पोशाख घडी उलगडून तयार होता.

"आज तुम्ही घाला."

"मी?"

"तुम्ही सारख्या माझ्या चुका बघता. मला बघणारीचं काम शिकायचंय."

सिस्टर हसल्या. पोशाख चढवला. सुनेने हात सैल सोडून नीळ शिंपडली, जरा जास्तच. मावशी बादली टेकून उभ्या राहिल्या; असली मजा रोज मिळत नाही.

सिस्टर उतरवू लागल्या. किती वेळा केलेलं काम, हात आपोआप चालत होते. टोपी निघाली, झगा निघाला, डोळ्यांवरचा चष्मा निघाला. हातमोजे तेवढे राहिले होते. कपाळावरचा घाम डोळ्यात उतरला, झोंबला आणि हात वर गेला.

"थांबा!"

खोली दणाणली. हातमोजा डोळ्यापासून चार बोटांवर थबकला. बोटं निळी होती.

"हात खाली, सिस्टर."

सिस्टरांनी हात खाली घेतला. दारात मॅडम येऊन उभ्या होत्या, तपासणीचे कागद छातीशी धरून.

"पथक झालं का पूर्ण?" त्यांनी विचारलं.

"एक कमी लिहा. मी नापास," सिस्टर म्हणाल्या. "ही बघणारी मात्र पक्की धरा."

सुनेने मॅडमकडे पाहिलंही नाही. तिची नजर सिस्टरांच्या हातांवरून हलली नव्हती.

"आता हातमोजे. सावकाश," ती म्हणाली. "मी बघतेय. मग माझी पाळी."

सिस्टरांचे डोळे भरून आले होते. पुसायला हात वर न्यायचा नव्हता. दोन्ही हात अंगापासून दूर धरून त्या तशाच उभ्या राहिल्या, आणि पाणी गालांवरून खाली येऊ दिलं.