लांब हौद्याची गाडी

नवी गाडी दारात यायच्या आधी जुनी विकून टाकावी, ही अक्कल आमच्या घरात एकाच माणसाला सुचू शकते. आमचे हे सुतार आहेत. हात सोन्याचे आणि जिभेवर कायम 'उद्या'. कपाट कधी मिळेल? उद्या. दाराचं काय झालं? उद्या नक्की. गिऱ्हाइकांनी यांचं नाव 'उद्यासाहेब' ठेवलंय आणि तोंडावरसुद्धा तेच म्हणतात. यांना तो मान वाटतो. मी आमच्याच कारखान्यात पॉलिशचं काम करते, त्यामुळे उशिराचं खापर फोडायला माझं डोकं जवळच असतं. "पॉलिश वाळतंय अजून," असं हे फोनवर सांगतात, तेव्हा बऱ्याचदा लाकूडसुद्धा कापलेलं नसतं.

माझे बाबाही सुतार. यांना रंधा धरायला शिकवलं ते बाबांनीच. तेव्हा बाबा यांना 'अरे गाढवा' म्हणायचे. आमचं लग्न झाल्यावर त्याचं 'अहो जावईबापू' झालं, आवाज मात्र तोच राहिला. आई गेल्यापासून बाबा टेकडीपलीकडच्या गावात एकटेच राहतात. गेल्या थंडीत न्हाणीघरात पाय घसरला. शेजारच्या शिवणकामवाल्या काकू दार ढकलून आत येईपर्यंत ओल्या फरशीवर पडून होते. गुडघा गेला तो गेलाच. मग मी हट्ट धरला, आता इकडे या म्हणून. बाबा म्हणाले, "येतो, पण माझं बाकडं येणार असेल तर."

बाकडं म्हणजे त्यांचं कामाचं टेबल. अखंड एका फळीचं, इतकं लांब की त्यावर बाबा पाय पसरून झोपले तरी उशाला मी मावायचे. ही फळी त्यांनी तरुणपणी स्वतः निवडून आणली होती आणि आयुष्यभर तिच्यावर काम केलं. एकुलत्या एका मुलीपेक्षा बाकड्यावर त्यांचा जीव जास्त, असं आई म्हणायची. मला ते खोटं वाटलं नाही कधी.

शोरूममध्ये उभ्या असलेल्या पिकअप गाड्यांचा माल ठेवायचा मागचा हौदा आखूड होता. बाकडं हातभर बाहेर लोंबलं असतं. म्हणून लांब हौद्याची गाडी कंपनीकडून खास बनवून घ्यायची ठरली. रंग पांढरा. शोरूममधली मुलगी गोड हसून म्हणाली, महिन्याभरात येईल. झालं. उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग. यांनी त्याच आठवड्यात जुनी गाडी विकली आणि बाबांना फोन लावला, "बांधाबांध करून ठेवा, पांढरी गाडी घेऊन येतो."

बाबांनी बांधाबांध केली. ते 'उद्या' म्हणणाऱ्यांतले नव्हेत. भांडी खोक्यात गेली, बाहेर एक ताट आणि एक पेला राहिला. पलंग खोलून भिंतीला टेकवला आणि दुखऱ्या गुडघ्यानिशी ते जमिनीवर गादी टाकून झोपू लागले. जावई नवी गाडी घेऊन न्यायला येणार, हे गल्लीभर सांगून झालं.

गाडी मात्र येईना. आमच्या घरी तिच्यावरून रोज भांडणं. पुढे कोण बसणार, ताडपत्री कुठल्या रंगाची, मी चालवायला शिकायचं की नाही. बाजारात तुरी आणि भट भटणीला मारी. महिना गेला, दुसरा गेला. तोवर आमची टेबलं-खुर्च्या हातगाडीवरून जात होती आणि मागे उद्यासाहेब एका हाताने खुर्ची धरून चालत होते. शोरूममध्ये फोन केला की ती मुलगी कधी म्हणायची सुटा भाग अडकलाय, कधी म्हणायची बंदरावर संप आहे. एकदा म्हणाली, "रंग वाळतोय सर." यांनी फोन आपटला.

"काय फसवतात लोकांना," हे म्हणाले. "रंग वाळायला एवढा वेळ लागतो होय?"

मी पॉलिशचा बोळा डब्यात बुडवला आणि गप्प बसले. कधीकधी गप्प बसण्यात जी मजा आहे ती बोलण्यात नाही.

मी म्हटलं, भाड्याची गाडी करू या. तर हे म्हणाले, "भाडेवाले ते बाकडं आपटतील. घरची गाडी येतेय की उद्यापरवा." बाबांनाही फोनवर विचारलं. तेही म्हणाले, "थांबतो की. जावईबापू एवढ्या हौसेनं घेतायत." पण त्यांचा आवाज बसला होता. मग काकूंनी फोन हातात घेतला आणि हळूच सांगितलं, "अगं, रात्री उठताना दोनदा पडले. तुला सांगू नको म्हणालेत." त्यानंतर माझी मजा संपली.

दुसऱ्या दिवशी हे बांधकामावर मापं घ्यायला गेल्यावर मी शोरूम गाठलं. गाडीची नोंदणी माझ्या नावावर आहे, कारण यांची सही प्रत्येक वेळी वेगळी येते. त्या गोड मुलीसमोर बसले आणि म्हटलं, "खरं काय ते सांग. मी पॉलिशवाली आहे, वाळण्याच्या गोष्टी मला नको सांगूस."

ती बिचारी गोंधळली. "ताई, सरांनी परवा पुन्हा बदल सांगितला ना."

"कसला बदल?"

"आधी पांढऱ्याचा करडा रंग केला. मग हौद्याला बाजूने कड्या हव्या म्हणाले. मग कड्या आतून. आणि परवा, तळाला पत्र्याऐवजी लाकूड बसवता येईल का. बदल आला की ऑर्डर रांगेत शेवटी जाते, ताई. सरांना दर वेळी सांगितलंय. पण घरच्यांना उशिराचं दुसरं काहीतरी कारण सांगा, असं तेच म्हणाले."

मी हसले. खरंच हसले, कारण आमच्या कारखान्यात हाच नियम आहे आणि तो यांनीच केलाय. काम सुरू झाल्यावर गिऱ्हाइकाने 'जरा एवढं बदला' म्हटलं, की त्याचं कपाट गुपचूप मागच्या भिंतीला जातं. "बदल हवा तर थांबा म्हणावं," असं हे छाती फुगवून सांगतात. दुसऱ्याच्या रांगेत कसं मागे जायचं, हे यांच्याइतकं कुणाला ठाऊक असणार? म्हणजे ही चूक नव्हती. फोन आपटणं हेसुद्धा नाटकच होतं.

मी विचारलं, लांब हौद्याची एखादी तयार आहे का? होती. एका गिऱ्हाइकाने रंग बघून नाकारलेली. कावीळ झाल्यासारखी पिवळीधमक. मी म्हटलं, "हीच द्या."

संध्याकाळी कारखान्यासमोर ती पिवळी गाडी उभी राहिली तेव्हा उद्यासाहेब रंधा मारत होते. त्यांनी गाडीकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि रंधा खाली ठेवला.

"का केलंत असं?" मी विचारलं.

ते पायाने भुसा गोळा करू लागले. मग म्हणाले, "ते आले की रोज माझ्या मागे उभे राहणार. माझे लाकडाचे सांधे बघणार. मी आता या वयात पुन्हा गाढव नाही होणार."

"म्हणून माझ्या बाबांना जमिनीवर झोपवलंत?"

"मला वाटलं थोडे दिवस... त्यांनाच कंटाळा येईल, तिकडेच राहतो म्हणतील."

मला भयंकर राग आला. केस पिकलेला माणूस, अजून मास्तरच्या भीतीने पोटात दुखतंय म्हणून शाळा बुडवत होता. कीवही आली, पण रागाएवढी नाही. मी एवढंच म्हटलं, "उद्या सकाळी निघायचं. आणि हा उद्या माझा आहे, तुमचा नाही."

सकाळी टेकडी ओलांडून आम्ही गावात शिरलो. गल्लीच्या वळणावरूनच बाबा दिसले. दाराबाहेर खुर्ची टाकून बसले होते, काठी मांडीवर. त्यांच्या मागे भिंतीला बाकडं टेकवलेलं होतं. दोन तुकड्यांत.

हे गाडीतून उतरले आणि सरळ त्या तुकड्यांपाशी गेले. कापलेल्या कडेवरून अंगठा फिरवला. काप काटकोनात, जरासुद्धा हललेला नाही. दुखऱ्या गुडघ्यावर उभं राहून हाताने करवत चालवली होती बाबांनी.

"बाबा, हे काय केलंत?" मी म्हटलं.

"काकूंचा भाऊ त्याच्या छोट्या गाडीने उद्या तुमच्या शहरात जातोय. तिच्यात आख्खं बसेना." बाबा सहज म्हणाले. "म्हटलं, तुमची गाडी यायची तेव्हा येईल. फळीसाठी किती दिवस अडून राहायचं?"

मी खोकी उचलायचं निमित्त करून घरात गेले आणि भांड्यांच्या रिकाम्या फडताळाकडे तोंड करून रडले.

बाहेर आले तेव्हा हे दोन्ही तुकडे हौद्यात ठेवत होते. ज्या लांब हौद्यासाठी एवढा खटाटोप झाला, तो अर्धा रिकामाच राहिला. हे खाली मान घालून म्हणाले, "मी जोडून देतो, बाबा."

"जोडा. सांधा कसा घेताय ते बघायला मी आहेच मागे," बाबा म्हणाले. यावर हे चक्क "हो" म्हणाले.

बाबांना पुढच्या सीटवर बसवलं. दार लावताना ते गाडीकडे निरखून बघत होते. मला वाटलं आता रंगावरून काहीतरी ऐकवणार, म्हणून आधीच म्हटलं, "रंग मी घेतलाय. दुसरी तयार नव्हती."

"चांगलाय की. लांबूनच ओळखू येईल, अशी दुसरी कुणाची असणार?" बाबा गुडघा चोळत म्हणाले. "जावईबापूंनी पांढरी सांगितली होती. इथून दिवसभर पांढऱ्या गाड्याच फार जातात गं. दर वेळी उठून उभं राहावं लागायचं."

उद्यासाहेबांनी किल्ली फिरवली. घरी पोचल्यावर त्यांनी हात न धुता आधी ते दोन तुकडे उतरवून घेतले.